छाप राणीची, माळ कुणाची?

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गावांमधून बायकांच्या मालमत्तेचे तंटे हाताळताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. घरातल्या चीजवस्तूंची यादी करायला बसलं की बैलजोडी, विहिरीवरची मोटार, फवारणीचा पंप, टीव्ही, लोखंडी कपाट असं सगळं कागदावर चढतं. बाईच्या गळ्यातली माळ तेवढी चढत नाही. ‘ते तर घरचंच आहे,’ असं म्हणून सगळे पुढे सरकतात. या ‘घरचंच’ शब्दाबद्दल मला लिहायचं आहे. त्यासाठी मी जरा लांबून, थेट रोमन साम्राज्यापासून सुरुवात करणार आहे. मैत्रिणींनी कंटाळू नये, वाट शेवटी आपल्याच गावात येते.

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात लुलिंगस्टोन नावाचं ठिकाण आहे. तिथं रोमन काळातल्या एका मोठ्या घराचे अवशेष आहेत. १९४९ साली त्या घराच्या तळघरात दोन संगमरवरी अर्धपुतळे सापडले. ब्रिटन तेव्हा रोमन साम्राज्याचा एक दूरचा प्रांत होता. त्यातला एक पुतळा पर्टिनॅक्सचा असावा, असं काही अभ्यासक मानतात. हा माणूस आधी ब्रिटनचा सुभेदार होता. इ. स. १९३ मध्ये तो जेमतेम तीन महिने सम्राट झाला आणि शिपायांच्याच हातून मारला गेला. घरात पुढे राहायला आलेल्या पिढ्यांनी या पुतळ्यांपुढे नैवेद्याची छोटी भांडी ठेवली. पुढे चौथ्या शतकात वरच्या भागात ख्रिस्ती प्रार्थनेची खोली झाली, तरी पुतळे खाली तळघरातच राहिले. आपल्याकडच्या देव्हाऱ्यातले टाक आठवा, म्हणजे हे सगळं फारसं परकं वाटणार नाही.

त्या पुतळ्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. चेहरा कुणाचा, दाढीची ठेवण कोणत्या काळातली, संगमरवर कुठला, या सगळ्याची चर्चा झाली. त्या भांड्यांत रोज काय वाढलं जाई आणि कोण वाढत असे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. घरातल्या देवाधर्माचं रोजचं काम कुणाच्या वाट्याला येतं हे आपल्याला सांगायला नको!

आता महाराष्ट्रात येऊ. ब्रह्मपुरी म्हटलं की आपल्या विदर्भातल्या बायकांना चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव आठवेल. मी म्हणते ती ब्रह्मपुरी कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी आहे. तिथल्या टेकाडात १९४४-४५ च्या सुमारास तांब्याच्या भांड्यांत जपून ठेवलेल्या काशाच्या वस्तू निघाल्या. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातली विटांची घरं उघडी पडली. याच दीक्षितांनी पुढे १९६० च्या दशकात आपल्या अमरावती जिल्ह्यात वर्धेकाठचं कौंडिण्यपूर खणलं. कोल्हापुरच्या त्या वस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची वीतभरही नसलेली सुंदर मूर्ती होती. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे आणि तिचं चित्र प्राचीन भारताच्या अनेक पुस्तकांत छापलेलं असतं. त्याच ठेव्यात एक आरसाही होता. मूर्ती जगभर गाजली. आरसा, जो कुणाच्या तरी रोजच्या हातातला असणार, तो यादीतली एक नोंद होऊन बसला.

पण सम्राटाचा चेहरा आपल्याकडे आला तो मुख्यतः नाण्यांवरून. मिरी, मोती, हस्तिदंत, तलम कापड इथून जाई आणि त्याच्या बदल्यात रोमचं सोनं-चांदी येई. भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि तिबेरियस या दोन सम्राटांची नाणी सर्वांत जास्त आहेत. या व्यापाराबद्दल रोममध्ये जी ओरड झाली ती मोठी बोलकी आहे. प्लिनी या लेखकानं हिशेब मांडला की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातले पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, आणि दुसऱ्या एका ठिकाणी या उधळपट्टीचं खापर चैनीवर आणि बायकांवर फोडलं. इ. स. २२ मध्ये खुद्द तिबेरियसनं सेनेटला लिहिलेल्या पत्रात, बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्यांच्या हाती जातो, अशी तक्रार केल्याचं टॅसिटसनं नोंदवलं आहे. व्यापार पुरुषांनी केला, जहाजं पुरुषांची, जकात बादशहाची. पैसा संपला की दोष मात्र बायकांच्या गळ्यातल्या दागिन्यांचा. दोन हजार वर्षं झाली, तरी हा सूर ओळखीचा वाटतो की नाही?

गंमत पुढे आहे. या सम्राटांचे चेहरे इथं येऊन स्वतःच दागिने झाले! भारतात मिळालेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांपैकी कितीतरी नाण्यांना डोक्याच्या वर छिद्रं पाडलेली आहेत किंवा कडी जडवलेली आहे. छिद्र वरच्या बाजूला, म्हणजे गळ्यात घातल्यावर चेहरा सरळ राहावा. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांच्यासाठीही सोय झाली असावी, असं मानायला जागा आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथं आणि तेलंगणातल्या कोंडापूर इथं रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीच्या नकला सापडल्या आहेत, ओवून गळ्यात घालता येतील अशा. कोंडापूरच्या नकला तिबेरियसच्या नाण्यावरून केलेल्या. म्हणजे ज्या बादशहानं बायकांच्या दागिन्यांबद्दल कुरकूर केली, त्याचाच मुखवटा मातीत उठवून समुद्रापार दख्खनमध्ये गळ्यात मिरवला गेला.

या तिबेरियसच्या चांदीच्या नाण्याची मागची बाजूही पाहण्यासारखी आहे. तिथं हातात राजदंड आणि फांदी घेतलेली एक बाई आसनावर बसली आहे. बहुतेक अभ्यासक तिला लिव्हिया मानतात, म्हणजे ऑगस्टसची बायको आणि तिबेरियसची आई. तिचं नाव नाण्यावर नाही. तिच्याभोवती अक्षरं आहेत ती मुलाच्या पदवीची. पुढच्या बाजूला मुलाचा चेहरा आणि त्याचं नाव, मागच्या बाजूला आईची आकृती आणि पुन्हा मुलाचीच पदवी. आपल्या सातबाऱ्याची आठवण येते. कष्ट तिचे आणि अक्षरं त्याची.

आपल्या मातीतून जी बाई रोमन मुलखात गेली तिचंही असंच झालं. इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली एका घरात हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती मिळाली. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत ते शहर गाडलं गेलं, त्याच्या आधी ती तिथं पोचली होती. अंगभर दागिने ल्यालेली बाई, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. तिच्यासारख्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. त्यामुळे ती महाराष्ट्रातून गेली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. तिच्या डोक्यातून आरपार छिद्र आहे. त्यावरून ती एखाद्या वस्तूचा आधार किंवा मूठ असावी असं दिसतं. सापडली तेव्हा तिला ‘लक्ष्मी’ म्हणून टाकलं आणि तेच नाव चिकटलं. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं. राजाचा चेहरा ओळखायला नाकाची ठेवण आणि दाढीचा एकेक केस तपासला जातो. बाई दिसली की लक्ष्मी म्हणायचं, की काम झालं. सासरी आलेल्या प्रत्येक सुनेला आपण तेच म्हणतो. लक्ष्मी म्हणायचं आणि तिच्या नावावर काही करायचं नाही.

आता वऱ्हाडात पाऊल ठेवू. १९३९ साली तऱ्हाळा इथं, तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशिम जिल्ह्यात, सातवाहनांच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा ठेवा मिळाला. वा. वि. मिराशींनी तो वाचला. पुराणांच्या याद्यांत नसलेल्या राजांची नावंही त्यात निघाली. इतिहासाला हे मोठंच देणं आहे. पण कुणा घरानं कोणत्या संकटात हे धन पुरलं आणि परत न्यायला कुणीच का आलं नाही, हे नाणं सांगत नाही. नाण्यावर राजाचं नाव असतं. ते जपणाऱ्याचं नसतं.

राजांची छाप येत राहिली आणि बदलत राहिली. आपल्या आज्यांच्या गळ्यातली ‘पुतळ्यांची माळ’ सगळ्यांना माहीत आहे. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं. त्यावर तिथला राज्यप्रमुख गुडघे टेकून संत मार्कपुढे बसलेला असतो. आपल्याकडे त्या दोन आकृतींत राम-सीता पाहिली गेली. पुढे आपल्या सोनारांनीच तशा पुतळ्या घडवायला घेतल्या.

त्यानंतर आली ती राणीछाप. १८५३ च्या तहानं वऱ्हाड निजामानं इंग्रजांकडे सोपवलं. कागदोपत्री मालकी हैदराबादच्या निजामाची, वहिवाट इंग्रजांची आणि रुपयावर छाप विलायतच्या राणीची. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. अमरावती आणि खामगावच्या बाजारात चांदीचा रुपया खळखळला. १८६२ पासून त्या रुपयावर मुकुट घातलेली व्हिक्टोरिया होती. १८७७ पासून तिच्या नावापुढे ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’, म्हणजे सम्राज्ञी, असं येऊ लागलं. ११.६६ ग्रॅमचा तो रुपया, बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. गावात तेव्हा बँक नव्हती. बाईला तर पुढेही कितीतरी वर्षं नव्हती. मग रुपयाला कडी जडवली, दोऱ्यात ओवला आणि गळ्यात घातला. बंजारा तांड्यांतल्या बायकांच्या अंगावर आजही जुनी नाणी दिसतात. आमच्या गावांमधून राणीछाप रुपयांच्या माळा अजूनही पेटीच्या तळाशी आहेत.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. ज्या राणीचं तोंड त्या रुपयावर आहे, तिच्या स्वतःच्या देशात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक्क १८८२ च्या कायद्यानं मिळाला. त्याआधी लग्न झालं की बाईचं बहुतेक सगळं नवऱ्याच्या ताब्यात. आणि आपल्याकडे? आपल्याकडे स्त्रीधन ही कल्पना धर्मशास्त्रात फार जुनी आहे. म्हणजे तिकडे कायदा उशिरा आला आणि आपल्याकडे शब्द आधीपासून होता. पण शब्द असून उपयोग काय, माळ बाईच्या हातात राहत नसेल तर?

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या एका आजींकडे मी अशी माळ पाहिली. एकवीस रुपये, मधे लाल गोंडे, एका रुपयाची कडी तुटून पुन्हा जोडलेली. दोनदा पेरणीसाठी सावकाराकडे गेली आणि दोनदा परत आली. तिसऱ्यांदा मुलगा मागायला आला तेव्हा आजींनी दिली नाही. घरात चार दिवस अबोला राहिला. मी सहज विचारलं, ‘आजी, ही राणी कोण ते माहीत आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘रानी कोनाचीबी असो बाई, माळ माही हाये. माह्या मायनं देल्ली.’

या एका वाक्यात कायद्याचं सगळं मर्म आलं आहे. माळेवर चेहरा राणीचा असला तरी तिला कडी कुणी जडवली, कुणी कुणाला दिली, यावर मालकी ठरते. चेहरा टाकसाळीत उठतो. कडी घरात जडते. इतिहासकार चेहरा वाचतात. आपण कडी वाचायला शिकलं पाहिजे.

इथं आपल्याच चळवळीतल्या काही मैत्रिणींचा आक्षेप मला माहीत आहे. दागिने म्हणजे गुलामीच्या बेड्या, बाईला शोभेची वस्तू करण्याचं साधन. त्यांची एवढी भलामण कशाला? हा आक्षेप खोटा नाही. सौभाग्याची लेणी नवरा गेल्यावर उतरवून घेतात, तेव्हा ती कुणासाठी होती हे उघडच होतं. लग्नात सोन्याच्या तोळ्यांवरून मुलीची किंमत होते, तिचा छळ होतो, जीव जातो. हुंड्याच्या सोन्याला माझा आजही तेवढाच विरोध आहे. पण दागिना नको म्हणताना आपण एक प्रश्न टाळू शकत नाही. जिच्या नावावर जमीन नाही, घर नाही, बँकेतली ठेव नाही, तिच्याजवळ अडीअडचणीला उरतं काय? गळ्यात असतं तेवढंच. ते बेडी आहे म्हणून सोडून दे म्हणायचं, तर आधी तिच्या हातात दुसरं काही द्यायला हवं.

ते द्यायचा प्रयत्न आपल्याच भागात झाला होता. १९८९ मध्ये शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन अमरावतीत भरलं आणि त्यातून लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम पुढे आला. नवऱ्यानं आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करावा, अशी ती हाक होती. अनेक गावांनी ती ऐकली. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ मध्ये तो देशभर आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानं मिळणारा हक्क असल्याचं स्पष्ट केलं. तरीही वाटणीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची रीत गावोगाव चालूच आहे. म्हणून जमिनीची लढाई चालू ठेवतानाच, जे तिच्याजवळ आधीपासून आहे ते तरी तिचं राहावं, याची काळजी घ्यायला हवी.

ते कसं जातं, हे आपण रोज पाहतो. मृग लागला की बियाण्याला आणि खताला पैसा लागतो. पहिला हात बाईच्या गळ्याकडे जातो. कापूस विकला की सोडवू, असं ठरतं. पाऊस दगा देतो, बोंडअळी येते, भाव पडतो आणि माळ सावकाराकडेच राहते. २०१५ मध्ये शासनानं विदर्भ आणि मराठवाड्यातल्या परवानाधारक सावकारांकडची शेतकऱ्यांची कर्जं स्वतः भरून गहाण वस्तू परत देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच होता. पण मी पाहिलेल्या गहाणाच्या पावत्यांवर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं होतं. दागिना बाईचा, पावती पुरुषाची. म्हणजे सुटून आलेला दागिनाही कागदावर पुरुषाच्या हाती येतो. ज्यांचे नवरे कर्जापायी जीव देऊन गेले, त्या बायकांना तर पावती कुठे आहे हेच माहीत नसतं.

कायदा या बाबतीत बाईच्या बाजूचा आहे, हे प्रत्येकीला माहीत हवं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमानं १९५६ पासून हिंदू बाईच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली. प्रतिभाराणी खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्त्रीधन बायकोचंच. ते सासरी दिलं तर विश्वासानं सांभाळायला दिलं असं धरायचं, आणि परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं पुन्हा म्हटलं की नवरा अडचणीत ते वापरू शकेल, पण परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात न्यायदंडाधिकाऱ्यांना स्त्रीधन परत देण्याचा आदेश काढता येतो.

अडतं ते पुराव्यावर. अकोला जिल्ह्यातल्या एका तरुण बाईला सासरच्यांनी घराबाहेर काढलं. तिनं दागिने मागितले तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘पावती आहे का?’ आजीची माळ आईला, आईची तिला. पावती कुठून येणार? शेवटी लग्नाचा अल्बम उपयोगी पडला. फोटोत तिच्या गळ्यात माळ स्पष्ट दिसत होती. बैठकीत तो फोटो पुढे ठेवला आणि माळ परत मिळाली. बाकीचे जिन्नस, जे फोटोत आले नव्हते, ते नाही मिळाले.

खरं तर यासाठी नियम आहे आणि तो चाळीस वर्षांचा जुना आहे. हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या लेखी याद्या करायच्या असतात. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, आणि खाली वधू-वर दोघांच्या सह्या. वधूच्या भेटींची यादी वधूनं ठेवायची. किती लग्नांत ही यादी होते? पत्रिकेतली नावं चुकू नयेत म्हणून चार वेळा तपासणारी घरं ही एक यादी करत नाहीत. ‘यादी मागणं म्हणजे अविश्वास,’ असं म्हणतात. मग शेताचा सौदा करताना आपण मुद्रांक कशाला घेतो? तो काय अविश्वास असतो?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या बचतगटांनी, महिला मंडळांनी आणि कार्यकर्त्यांनी हे काम या वर्षी हाती घ्यावं. प्रत्येकीनं आपल्या दागिन्यांची यादी करावी. वस्तू कोणती, वजन किती, नाणी असतील तर किती आणि कोणत्या छापाची, कुणी दिली, केव्हा दिली, हे लिहावं. सोनाराकडून वजनाची चिठ्ठी स्वतःच्या नावानं घ्यावी. फोटो काढून ठेवावा. एक प्रत आपल्याजवळ, एक माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे. गहाण ठेवायची वेळ आलीच तर ठेवणारीचं नाव पावतीवर लागलंच पाहिजे, असा हट्ट धरावा. सावकारीबद्दलच्या २०१४ च्या कायद्यानं गहाण वस्तूची पावती देणं सावकाराला भागच आहे.

आणि मृत्युपत्र करावं. हे ऐकून बायका दचकतात, अशुभ बोलते म्हणतात. पण वारसाचा नियम बघा. मूलबाळ नसलेली हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिला लग्नात मिळालेल्या वस्तू नवऱ्याकडे आणि तो नसेल तर नवऱ्याच्या वारसांकडे जातात. फक्त आई-वडिलांकडून वारशानं आलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे परत जातं. म्हणजे आईनं लग्नात हातानं घातलेली माळ दिरा-पुतण्यांकडे जाऊ शकते, बहिणीकडे किंवा भाचीकडे नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं. मुस्लिम मैत्रिणींनी मेहरची रक्कम आणि दागिने निकाहनाम्यात नीट लिहिले आहेत का, ते तपासावं. धर्म कोणताही असो, न लिहिलेली वस्तू ‘घरची’ होते आणि घर कुणाचं म्हणतात ते आपल्याला माहीत आहे.

संग्रहालयांकडेही एक मागणी करायला हवी. छिद्र पाडलेलं किंवा कडी जडवलेलं नाणं मांडताना चिठ्ठीवर सम्राटाचं नाव आणि टाकसाळीचा काळ तर लिहावाच, पण ते दागिना म्हणून वापरलं गेलं हेही ठळक लिहावं. शाळेतल्या मुली ते वाचतील तेव्हा त्यांना कळेल की इतिहासात राजांच्या बरोबरीनं कुणीतरी हे नाणं गळ्यात बाळगलं होतं.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या पुतळ्यांची रांग होती. आज तिथं पुतळे नाहीत, पायांच्या खुणा तेवढ्या आहेत. पण वर कोरलेली नावं राहिली आणि त्यांत राणी नागनिकेचं नाव आहे. मूर्ती गेली तरी दोन हजार वर्षं ती ओळखू येते, कारण कुणीतरी तिचं नाव लिहून ठेवलं. आपल्या आज्यांच्या माळा अजून आहेत. नावं लिहायची राहिली आहेत. वही काढा आणि या आठवड्यात निदान एका घरातली यादी पुरी करा. शेजारणीलाही हाक मारा. अडलं तर अंकाच्या पत्त्यावर कळवा, मिळून मार्ग काढू.